माराकायबो सरोवर आणि हंटिंग्टन विकाराचा शोध

शरीराच्या हालचालींवरील ताबा हळूहळू सुटत जाणाऱ्या आनुवंशिक विकारांपैकी हंटिंग्टन विकाराचे नेमके वर्णन १८७२ मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील ईस्ट हॅम्प्टन येथे त्यांचे आजोबा व वडील दोघेही वैद्यकी करीत असल्यामुळे काही घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत त्यांना उपलब्ध झाली. तिच्या आधारे त्यांनी दाखविले की ‘कोरिया’, म्हणजे हातापायांच्या व चेहऱ्याच्या अनैच्छिक, नाचल्यासारख्या हालचाली आणि त्यासोबतचा मानसिक ऱ्हास बहुधा प्रौढ वयात सुरू होतो, आणि जे अपत्य त्यातून सुटते त्याच्या वंशात तो पुन्हा उद्भवत नाही.

या विकाराच्या इतिहासातील निर्णायक भाग मात्र व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठी घडला. तेथील सान लुईस वस्तीत १९५० च्या दशकात काम करणारे डॉ. आमेरिको नेग्रेते यांना झोकांड्या खाणारी माणसे प्रथम दारू प्यालेली वाटली. परंतु हे लोक पिढीजात आजारी आहेत हे उमगल्यावर त्यांनी त्यांचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सरोवराकाठच्या बारांकितास आणि पाण्यात खांबांवर वसलेल्या लागुनेतास यांसारख्या वस्त्यांतील मच्छीमार कुटुंबांत हा विकार जगात इतरत्र क्वचितच आढळावा इतका दाट होता.

१९७९ पासून नॅन्सी वेक्सलर यांच्या पथकाने या कुटुंबांची वंशावळ मांडण्यास आरंभ केला आणि पुढे ती १८,००० हून अधिक व्यक्तींपर्यंत पोहोचली. वेक्सलर यांच्या आईला हाच विकार होता. बाधित जनुकाची एकच प्रत विकारास पुरेशी असल्याने त्यांच्यावरही निम्म्या शक्यतेचे सावट होते, आणि त्यांचे काठावरच्या लोकांशी जडलेले नाते या समान दुःखातून आले होते. या लोकांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांमुळे, एका अमेरिकन कुटुंबाच्या नमुन्यांसह, जेम्स गुसेला व सहकाऱ्यांना १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर विकाराची खूण सापडली, आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक हाती आले. त्या जनुकात सी-ए-जी या तीन रासायनिक अक्षरांची पुनरावृत्ती चाळीस किंवा अधिक वेळा झाल्यास सामान्य आयुर्मानात विकार उद्भवतोच, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

या शोधामुळे विकाराची निश्चित चाचणी जगभर शक्य झाली. अनैच्छिक हालचाली कमी करणारी औषधेही आज आहेत, परंतु मूळ विकार थांबविणारा सर्वमान्य उपचार अद्याप नाही. ज्यांच्या रक्तातून हे ज्ञान उभे राहिले ती कुटुंबे मात्र दारिद्र्यातच राहिली. म्हणून या शोधाच्या इतिहासात त्यांना केवळ अभ्यासविषय न मानता सहकर्मी मानले पाहिजे, आणि पुढे गवसणाऱ्या उपचारावर त्यांचा पहिला हक्क मान्य केला पाहिजे.