शब्दवेध : कोनेस्टोगा

जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ (१९८६) या चित्रपटात सैनिकांना दूरच्या उपग्रहावर नेणारे ‘सुलाको’ हे अवकाशयान आहे. सुलाको हे जोसेफ कॉनरॅडच्या ‘नोस्ट्रोमो’ (१९०४) या कादंबरीतले बंदर. पण हे यान ज्या वर्गातले मानले जाते, त्याचे नाव अधिक जुने आणि अधिक बोलके आहे : ‘कोनेस्टोगा’.

हा शब्द अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. तिथल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात अठराव्या शतकात जर्मन वंशाच्या कारागिरांनी एक दणकट मालगाडा घडवला. त्याचा तळ दोन्ही टोकांना उचललेला असे. त्यामुळे चढउतारावर माल सरकत नसे. वर पांढरे जाड कापड, पुढे चार ते सहा घोडे. शेतमाल फिलाडेल्फियाच्या बाजारात पोचवायचा आणि तिथला माल घेऊन परतायचे, हे त्याचे काम. रेल्वे आली तसा गाडा मागे पडला. नाव मात्र अवजड वाहतुकीशी जोडलेले राहिले, म्हणूनच ते भविष्यातल्या वाहतूक-यानालाही शोभले.

त्या खोऱ्यातल्या सस्क्वेहॅनॉक या मूळनिवासींनाही कोनेस्टोगाच म्हणत. डिसेंबर १७६३मध्ये ‘पॅक्स्टन बॉइज’ या वसाहतवाल्यांच्या टोळीने त्यांच्यातल्या २० जणांची, मुलाबाळांसकट, हत्या केली. यानाच्या नावाचा अर्थ सांगताना गाड्याइतकेच या माणसांबद्दलही सांगायला हवे.