गतिमान जालपृष्ठांचे सूचीकरण
गतिमान जालपृष्ठांचे सूचीकरण : वाचकाने मागणी करताच माहितीसंचयातून त्या क्षणी तयार होणाऱ्या पृष्ठास गतिमान जालपृष्ठ म्हणतात, आधीच लिहून ठेवलेले पृष्ठ स्थिर होय. शोधयंत्राची संचारी आज्ञावली एका पृष्ठावरील दुव्यावरून दुसऱ्या पृष्ठाकडे जाते व वाचलेल्या मजकुराची सूची करते. जेथे दुवा नसून केवळ भरावयाचा तक्ता असतो, तेथे तिची वाट खुंटते.

इतिहास : १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्राने ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ ही पद्धती रूढ केली आणि गतिमान पृष्ठे शक्य झाली. पृष्ठांच्या संपूर्ण मजकुराची सूची करणारे वेबक्रॉलर १९९४ मध्ये व ऑल्टाव्हिस्टा १९९५ मध्ये सुरू झाले. प्रारंभीची शोधयंत्रे प्रश्नचिन्ह असलेले पत्ते बहुधा टाळीत. दिनदर्शिकेसारख्या पृष्ठांतून किंवा प्रत्येक भेटीस नवा क्रमांक देणाऱ्या स्थळांतून न संपणारे पत्ते निर्माण होत आणि एकच मजकूर अनेकदा नोंदला जाई. परिणामी फार मोठी माहिती सूचीबाहेर राहिली. मायकेल बर्गमन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हे ‘गहन जाल’ दृश्य जालाच्या ४०० ते ५५० पट असल्याचा अंदाज मांडला.

यावर उपाय क्रमाने निघाले. १९९६ च्या सुमारास लांब पत्त्यांस स्थिर रूप देणारी आज्ञावली उपलब्ध झाली. २००५ मध्ये गूगलने स्थळातील पत्त्यांची यादी शोधयंत्रास देण्याची ‘साइटमॅप’ पद्धती आणली. २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. २००८ मध्ये निवडक तक्ते स्वतः भरून पाहण्याचा प्रयोग गूगलने जाहीर केला. २००९ मध्ये सारख्या पृष्ठांपैकी मूळ पत्ता कोणता, हे दर्शविणारी खूण प्रमुख शोधयंत्रांनी मान्य केली.

महाराष्ट्रातील स्थिती : मराठी मजकुरापुढे लिपीचा आणखी एक अडसर होता. देवनागरीस १९९१ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले, तरी पुढे कित्येक वर्षे अनेक मराठी स्थळे रोमन संकेतांवर बसविलेले टंक वापरीत. वाचकास देवनागरी दिसे. शोधयंत्रास मात्र निरर्थक रोमन अक्षरे मिळत. युनिकोडच्या प्रसारानंतर हा अडसर बराच दूर झाला. तक्त्यांचा मात्र राहिला.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे याचे बोलके उदाहरण होय. येथील राजुरेश्वर गणपतीचे वर्णन साध्या पृष्ठांवर असल्याने शोधयंत्रात सहज सापडते. त्याच गावातील शेताचा सातबारा उतारा मात्र तसा मिळत नाही. त्यासाठी शासनाच्या महाभूलेख स्थळावर जिल्हा, तालुका व गाव क्रमाने निवडून गट क्रमांकासारखा तपशील द्यावा लागतो आणि चित्रातील अक्षरे भरावी लागतात. उतारा या उत्तरांनंतरच तयार होतो. अकोले (जि. अहिल्यानगर) व वणी (जि. यवतमाळ) या तालुक्यांतही राजूर नावाची गावे आहेत, त्यामुळे केवळ नावाने घेतलेला शोध भलत्याच गावी नेतो, तर क्रमवार निवडीत अशी चूक टळते.

महत्त्व : सूचीबाहेर राहणे हा सर्वत्र दोष नव्हे. सातबाऱ्यावर खातेदारांची नावे व बोजे असतात; ते कोणाचेही नाव टाकताच पुढे यावेत, हे इष्ट म्हणता येणार नाही. शासन निर्णयाची गोष्ट वेगळी आहे. तो सर्वांसाठीच असतो आणि त्याच्या अखेरीस संकेतांकही छापलेला असतो. परंतु संकेतांक ज्यास ठाऊक नाही, त्यास विभाग व दिनांक यांचा अंदाज बांधत तक्ता भरावा लागतो. अशा लेखास कायम पत्ता, वाचनीय देवनागरी मजकूर व पत्त्यांची यादी यांची जोड मिळाल्यास तो शोधयंत्रास उमगतो. कोणती माहिती सूचीत यावी व कोणती तक्त्याआड राहावी, हा निर्णय तंत्राचा नसून माहिती राखणाऱ्या संस्थेचा असतो. तो न घेतल्यास लोकांसाठी काढलेला आदेश उपलब्ध असूनही लोकांपर्यंत पोहोचत नाही.