हाडाच्या कर्करोगाच्या आडवाटा

कर्करोग एका जागीं स्वस्थ बसून राहिला असता, तर शस्त्रवैद्यांनीं त्याचा निकाल केव्हांच लावला असता. रोगी दगावतो तो बहुधा मूळ गांठीनें नव्हे, तर तिच्यांतून सुटून दूर जाऊन रुजलेल्या कणांमुळें. हाडाच्या कर्करोगाविषयीं तर हें विशेष खरें आहे. हे कण कोणत्या वाटेनें जातात, आणि क्वचित् आडवाटेला कां लागतात, या शोधाची कथा आज सांगावयाची आहे.

मुळांत हाडांतच उद्भवणारा हा रोग तसा विरळा. पण तो पुष्कळदां वाढत्या वयाच्या मुलामुलींना, आणि तोहि गुडघ्याजवळ, गांठतो. हाडांतील रक्त शिरांवाटे हृदयाच्या उजव्या भागांत व तेथून फुप्फुसांत जातें. तेथील सूक्ष्म वाहिन्यांचें जाळें ही वाटेवरची पहिली चाळण. म्हणून बहुतेक कण तेथेंच अडकतात. फुप्फुसांच्या खालोखाल इतर हाडांचा क्रम लागतो. मेंदू, हृदय, मूत्रपिंड, आंतडें, त्वचा हीं ठिकाणें मात्र दुर्मिळ.

रक्त तर सर्वत्र फिरतें. मग असा पक्षपात कां? १८८९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतांत वारंवार, पण प्लीहेंत क्वचितच आढळला. बीं चहूंकडे पडतें, पण मानवणाऱ्या भूमींतच रुजतें, असा त्यांचा निष्कर्ष. हाडाच्या एका कर्करोगाला ज्यांचें नांव मिळालें, त्या न्यूयॉर्कच्या जेम्स यूइंग यांनीं १९२८ सालीं याउलट रक्तप्रवाहाच्या दिशेवर भर दिला. १९४० मध्यें बॅटसन यांनीं पाठीच्या कण्याभोंवतालच्या शिरांचा, फुप्फुसांना वळसा घालणारा मार्ग दाखवून दिला. आज प्रवाह आणि भूमि दोहोंनाहि मान आहे.

एवढें ज्ञान होऊनहि रोग्याच्या पदरीं फारसें कांहीं पडलें नव्हतें. पाय कापला तरी पांचांपैकीं सुमारें चौघे पुढें फुप्फुसांतील प्रसारानेंच जात. १९७४ सालीं अमेरिकेंतील वैद्यांनीं शस्त्रक्रियेनंतर मेथोट्रेक्सेट व ॲड्रियामायसिन हीं औषधें देऊन आशादायक फळ आल्याचें प्रसिद्ध केलें, आणि चित्र पालटूं लागलें. आयुष्य वाढलें, तशा आडवाटाहि दिसूं लागल्या. पूर्वी ज्या रोग्याचा अंत फुप्फुसांच्या रोगानेंच व्हावयाचा, तो आतां वांचतो. आणि वर्षांनंतर कधीं मेंदूंत, कधीं हृदयांत रोग डोकें वर काढतो. नवल असें कीं, हाडाचें हें बीं परक्या भूमींतहि हाडच घडवूं पाहतें. त्यामुळें मऊ इंद्रियांतील ती गांठ क्ष-किरणचित्रांत कित्येकदां हाडासारखी पांढरी उमटते.

त्याच सुमारास, २३ डिसेंबर १९७३ रोजीं, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९८२ पासून हा भाग गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं विजेवांचून, रस्त्यावांचून माडिया गोंडांची शुश्रूषा आरंभिली. कर्करोगाचें टाटा स्मारक रुग्णालय मुंबईस परळला १९४१ पासूनच उभें होतें; परंतु औषध परळला असणें आणि तें रोग्यापर्यंत पोंचणें, यांच्यामध्यें अवघें अरण्य पसरलेलें असतें. पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडची वाट पावसाळ्यांत वारंवार तुटत आली आहे; गुडघ्यांतील गांठ कांहीं पूर ओसरण्याची वाट पाहत नाहीं.

म्हणून दोन गोष्टी शहरांतील घरांनींहि ध्यानीं धराव्या. वाढत्या मुलाच्या गुडघ्याशीं रात्रीं ठणका लागत असेल, सूज आठवडे उलटले तरी उतरत नसेल, तर कोठें मार लागला असेल म्हणून लेपावर दिवस काढूं नयेत, क्ष-किरणचित्र काढावें. आणि ज्याला हा रोग एकदां होऊन गेला आहे, त्यानें नवी डोकेदुखी, धाप किंवा पोटांतील कळ सांगितली, तर ती किरकोळ मानूं नये. आडवाटा विरळ खऱ्या. पण त्या वाटेनें आलेल्या रोगाची पहिली वर्दी बहुधा रोगीच देतो, आणि ती ऐकणारा कान घरांतच असावा लागतो.