शिकलगारांची जवारी

कस्तुरबा गांधी मार्ग, जुन्या दिल्लीकरांचा कर्झन रोड. नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर. तिथून कॅनॉट प्लेसकडे चालत निघालं की मरीना आर्केडमध्ये रिखीराम यांचं वाद्यांचं दुकान आहे. 1920 साली लाहोरात सुरू झालेला हा धंदा फाळणीनंतर दिल्लीत नव्याने उभा राहिला. 1966 मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने सतार घेतली ती इथूनच, आणि दुकानाची ओळख करून देताना हीच गोष्ट आधी सांगितली जाते.

मला मात्र इथे मिरज आठवते. तिथलं वाद्यं घडवणाऱ्या शिकलगारांचं घराणं सत्तर वर्षांनी तरी थोरलं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पेशवाई गेली, लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांची ये-जा होती आणि त्यांची वाद्यं यायची उत्तरेकडून. ती बिघडली की पंचाईत. 1850च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी हे दुरुस्तीचं काम हाती घेतलं आणि त्यातूनच पुढे स्वतःचा तंबोरा घडवला. पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं.

धार लावणारा हात इथे कामी आला असणार, असं मला जवारी लावताना, म्हणजे तारेची झणझण साधताना, पाहून वाटतं. तारा टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचं. तार त्या उतारावर अलगद घासून झणझणली पाहिजे. अमेरिकेत 1833 पासून गिटारी घडवणाऱ्या मार्टिन घराण्यात तार अशी कुठे घासली तर तो दोष ठरेल. तंबोऱ्याचा सगळा जीवच त्यात. जरा जास्त घासलं गेलं की आवाज मेला. मग तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. याला माप नाही, कान लागतो. गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, त्यामुळे तसा कान कारागिरांना शेजारीच मिळाला.

2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव राखलं गेलं, छान झालं. पण तंबोऱ्याचा कडू भोपळा पंढरपूरकडच्या शेतांतून येतो, आणि तिथल्या शेतकऱ्याने ऊस सोडून तो का लावावा, याची सोय मानांकनात नाही.