वहीचें वर्ष

दिवाळी जवळ आली कीं व्यापारी पेठेंत जुन्या वह्या मिटूं लागत. रोजकीर्दींतील व्यवहार खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढविलेले असत. आतां बाक्या काढावयाच्या, शिल्लक माल मोजावयाचा, येणें-देणें चुकतें करावयाचें. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं कोऱ्या वहीवर 'श्री' रेखून तिची पूजा होई. महाराष्ट्राचा शालिवाहन शक चैत्रांत बदलतो. परंतु व्यापाऱ्याचें वर्ष, गुजरातेंतील विक्रम संवताप्रमाणें, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस उजाडे.

सरकारचें वर्ष निराळें. पूर्वी तें मे महिन्यांत सुरू होई. १८६७ सालीं तें १ एप्रिलपासून धरण्यांत आलें. प्राप्तिकर त्याआधींच, १८६० मध्यें, या देशांत आला होता. तरी दुकानदाराला कराच्या हिशेबासाठींही दिवाळीचें वर्ष ठेवतां येई. १९६१ च्या कायद्यानेंही ही मुभा राखली. १९८७ च्या दुरुस्तीनें ती संपली आणि १९८९-९० च्या आकारणीपासून सर्वांचें हिशेबी वर्ष ३१ मार्चला मिटूं लागलें.

यानें करआकारणींत एकसूत्रता आली, हें खरें. पण पूजा कार्तिकांत आणि ताळेबंद मार्चांत, अशी वहीची फारकत झाली. लहान दुकानदाराची खरी पुंजी गिऱ्हाइकाच्या उधारींत गुंतलेली असते. सणापूर्वी बाकी फेडण्याची लाज ऋणकोला असे आणि ती मागण्याचें निमित्त धनकोला मिळे. वर्ष कधीं संपावें हें कायद्यानें ठरविलें. ती लाज आणि तें निमित्त मात्र त्याला देतां आलें नाहीं.