पाण्याचे ओझे

आकाशात झेप घ्यावयाची असता पाण्याची घागर काखेत कोण घेईल? विमानविद्येच्या बाल्यावस्थेत पुष्कळ जाणत्यांना हाच प्रश्न पडला होता. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे बारा अश्वशक्तीचे इंजिन पाण्यानेच थंड होत असे, हे खरे. परंतु पुढे फ्रान्समध्ये नोमचे फिरते इंजिन निघाले. त्याची नळकांडीच पंख्याबरोबर गरगर फिरत आणि वारा खाऊन थंड होत. मग पाणी, नळ्या, रेडिएटर हा संसार हवा कशाला? तथापि युद्धात अधिक शक्तीची निकड भासताच ही युक्ती तोकडी पडू लागली.

जर्मनांनी मर्सिडीजचे १६० अश्वशक्तीचे इंजिन पत्करले. एका ओळीत सहा पोलादी नळकांडी, प्रत्येकाभोवती पाणी खेळविण्यास पत्र्याचे वेष्टन. काम भरवशाचे, पण वजनदार. बार्सिलोनाच्या इस्पानो-सुइझा कारखान्यातील स्विस अभियंता मार्क बिर्किग्ट याने निराळीच वाट काढली. चार-चार नळकांड्यांचा ठोकळा त्याने अ‍ॅल्युमिनियममध्ये एकसंध ओतला, आत पोलादी अस्तरे आट्यांनी बसविली आणि असे दोन ठोकळे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात जोडले. १९१५ साली तयार झालेले हे इंजिन १५० अश्वशक्तीचे होते. आमच्या मते त्या काळातील सर्वांत देखणी कल्पना हीच.

पाण्याचा जाच मात्र सुटला नाही. आल्बाट्रोस डी-३ विमानाचा रेडिएटर वरच्या पंखाच्या मध्यभागी, वैमानिकाच्या डोक्यासमोर होता. गोळी लागली की उकळते पाणी त्याच्याच अंगावर! अखेर तो उजवीकडे सरकवावा लागला. इस्पानोचे दुखणे वेगळे. शक्ती २०० वर नेताना दातेरी चक्रे घातली. काही कारखान्यांत त्यांच्या पोलादाला नीट पाणी दिले गेले नाही आणि ती मोडू लागली. १९१८ च्या आरंभी ब्रिटनमध्ये एस. ई. ५-ए विमानांचे शेकडो सांगाडे इंजिनांवाचून पडून होते. एका सहीसाठी खोळंबलेल्या फायली रोज पाहणाऱ्या आम्हांस हे दृश्य अनोळखी वाटत नाही. पुढे वुल्झली कंपनीने चक्रांची भानगडच काढून 'व्हायपर' हे इंजिन बनविले.

याच जातीच्या विमानातून कलकत्त्यात जन्मलेला, अवघा एकोणीस वर्षांचा इंद्रलाल रॉय लढला. १९१८ च्या जुलैत दोन आठवड्यांच्या आत दहा विजय त्याच्या नावे नोंदले गेले. २२ जुलै रोजी तो फ्रान्सच्या भूमीवर पडला.