खिळ्याविना महासागर ओलांडणारी जहाजे

जहाजाला लोखंडी खिळे नाहीत, म्हणजे ते कच्चे, असे आपल्याला सहज वाटते. तेराव्या शतकात मार्को पोलोलाही तसेच वाटले होते. होर्मुझच्या बंदरात काथ्याने शिवलेली जहाजे पाहून त्याने ती वाईट आणि धोक्याची ठरवली. पुढे युरोपीय लेखनात अरब आणि हिंदी जहाजबांधणी मागासलेली असल्याचा समज रुजला, तो अशाच नजरेतून.

पण चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता वेगळे सांगतो. या समुद्रात खडक फार. खिळ्यांनी जोडलेले जहाज खडकावर आदळले की फुटते, काथ्याने शिवलेले मात्र थोडे लवते आणि तगते. महासागरी जहाजाची पहिली कसोटी हीच. ते नुसते टणक असून चालत नाही, लाटेचा मार अंगावर घेऊन त्याला पुन्हा सरळ होता आले पाहिजे.

याचा भक्कम पुरावा १९९८ साली इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ सापडला. नवव्या शतकातले हे शिवलेले जहाज सुमारे ६०,००० चिनी भांडी घेऊन बुडाले होते. त्याच धर्तीवर ओमानमध्ये ‘ज्वेल ऑफ मस्कत’ बांधले गेले. २०१० साली फेब्रुवारीत मस्कतहून निघून ते जुलैमध्ये सिंगापूरला पोहोचले. त्यातही खिळे नव्हते. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेले ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज २०२५मध्ये भारतीय नौदलात आले.

अर्थात या जहाजांत उणिवा होत्या. टाके झिजत, पाणी झिरपे, ते सतत उपसावे लागे. तोफांचा भार आणि धक्का सोसण्यासाठी तर ती बांधलेलीच नव्हती.

दुसरी कसोटी वाऱ्याच्या ज्ञानाची. कितीही चांगले गलबत भर पावसाळ्यात लोटले तर ते परत येईलच असे नाही. ‘मोसमी वारे’ यातला ‘मोसम’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला. कोकणातला ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा भाऊबंद. हे शब्द तलवारीबरोबर नव्हे, वाऱ्याबरोबर आणि मालाबरोबर किनाऱ्याला लागले.

तिसरी कसोटी माणसाची. ११८३ साली इब्न जुबैर हजसाठी तांबडा समुद्र ओलांडून जिद्दाला गेला. काथ्याच्या टाक्यांचे आणि फळ्यांना चोळलेल्या शार्क माशाच्या तेलाचे वर्णन त्याने बारकाईने केले आहे. त्याचबरोबर जहाजमालक हाजींना खुराड्यातल्या कोंबड्यांसारखे कोंबतात, असेही त्याने स्पष्ट लिहिले. मालकही मुसलमान आणि प्रवासीही मुसलमान, पण त्याने आपल्या माणसांची चूक झाकली नाही.

आपल्या वारशाकडेही असेच पाहायला हवे. त्याला मागास म्हणणाऱ्यांसमोर पुरावा ठेवावा आणि आपल्यातल्या लोभाबद्दलही गप्प बसू नये. जहाज समुद्रामुळे बुडते, तसे जास्तीच्या भारानेही बुडते.